टर्बो गाडीला पेट्रोल किती लागेल? इंजेक्टर, पंप आणि वायरचं गणित

टर्बो गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की गॅरेजच्या ओट्यावर पहिला प्रश्न येतो, "दोनशे बीएचपीसाठी कुठले इंजेक्टर टाकू?" उत्तरही ठरलेलं असतं: कुणीतरी एका मित्राच्या गाडीत टाकलेले सांगतो, आणि तेच मागवले जातात. मित्राच्या गाडीचं रेल प्रेशर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) किती, बूस्ट (टर्बोनं वाढवलेलं हवेचं प्रेशर) किती, पंपाला व्होल्टेज किती पोहोचतं, हे कुणी विचारत नाही. इंजेक्टरच्या डब्यावरचा सीसीचा आकडा (मिनिटाला किती पेट्रोल फवारतो तो) एका ठरावीक प्रेशरला मोजलेला असतो. पंपाच्या डब्यावरचा तासाला किती लिटर हा आकडा ठरावीक प्रेशर आणि ठरावीक व्होल्टेज या दोन्हींना बांधलेला असतो. तुमच्या गाडीत तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात.

म्हणून हिशेब उलटा करायचा. आधी पेट्रोल, मग प्रेशर आणि सामानाची खरेदी सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला फियाटचं १.४ टी-जेट घेतो. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली लिनिया टी-जेट पुण्याच्या आसपास अजून बऱ्यापैकी दिसते, आणि याच इंजिनाची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये १४५ बीएचपीची आली. १३६८ सीसी, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं). युरोपात याच इंजिनावर गॅरेटचा १४४६ टर्बो बसवून कंपनीनंच १८० पीएसच्या गाड्या विकल्या. आपलं लक्ष्य धरू २०० बीएचपी, क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावर. डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) जो आकडा येतो तो चाकांवरचा. फ्रंट व्हील गाडीत तो साधारण १५ टक्के कमी दिसतो, तेव्हा १७० चा कागद हातात आला की इंजेक्टर २०० च्या हिशेबाचे लागतात. बहुतेकांची इथेच पहिली चूक होते.

पोलो टीएसआयवाल्यांनी आधीच ऐकून ठेवा: तुमचं डायरेक्ट इंजेक्शन आहे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), शेकडो बारचा कॅमवर चालणारा पंप आहे. टाकीतला पंप आणि वायर यांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू पडेल, इंजेक्टरचं गणित नाही.

पेट्रोल किती

पोर्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन पूर्ण लोडवर एका बीएचपीमागे तासाला साधारण २५० ते २९५ ग्रॅम पेट्रोल पितं. बिनटर्बो इंजिनापेक्षा हा आकडा जास्त, कारण बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम रिच ठेवावं लागतं. जास्तीचं पेट्रोल जळायला नसतंच, ते वाफ होताना सिलिंडर थंड करतं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) लांब ठेवतं. मी २७० धरतो.

२०० गुणिले २७० म्हणजे ५४ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर तासाला ७३ लिटर. पूर्ण लोड तासभर टिकत नाही म्हणून बरं, नाहीतर लिनियाची टाकी चाळीस मिनिटांत कोरडी पडली असती.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल बघा. आपल्याकडे आता सरसकट ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिसळल्यावर हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनानं ९ टक्के जास्त इंधन. इथेनॉल थोडं जड असल्यामुळे लिटरमध्ये ही वाढ साडेसात टक्क्यांची होते. ७३ चे झाले ७८.४ लिटर. मिनिटाला १३०७ सीसी, चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ३२७. परदेशातले कॅल्क्युलेटर वापरून इंजेक्टर घेणाऱ्यांचं बरोबर इथे बिनसतं. त्यांच्या गणितात ई२० नसतं, आणि हे साडेसात टक्के उरलेल्या मार्जिनमधून गुपचूप निघून जातात.

(ई८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलच्या नादात असाल तर लिटरमध्ये ४० टक्के वाढ धरा आणि पुढचे सगळे आकडे नव्यानं काढा. आहे त्याच पंपावर भागवू असं म्हणणाऱ्या ट्यूनरला नमस्कार करून निघा.)

इंजेक्टर किती वेळ उघडा

चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा इंजेक्शन. ६५०० आरपीएमला एका सायकलला १८.५ मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्या वेळेच्या किती टक्के उघडा राहतो, त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ती ८० टक्क्यांच्या वर नेऊ नये. त्यापुढे इंजेक्टर नीट बंद व्हायच्या आत परत उघडायचा हुकूम येतो, फवाऱ्याचा भरवसा राहत नाही, आणि थंडीच्या पहाटे हवा दाट होऊन बूस्ट जरा वर गेला तर हाताशी काहीच उरत नाही.

३२७ भागिले ०.८, म्हणजे ४०८ सीसी. "मग ४४० चे घेऊ." थांबा. ४०८ सीसी कुठल्या प्रेशरला?

डब्यावरचा आकडा आणि रेलमधलं प्रेशर

या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

इंजेक्टरमधून पेट्रोल वाहतं ते दोन बाजूंच्या प्रेशरच्या फरकामुळे. एका बाजूला रेल, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग). बहुतेक इंजेक्टरांचा आकडा ३ बारच्या फरकाला मोजलेला असतो. फरक बदलला की फ्लो त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. प्रेशर दुप्पट केलं तरी पेट्रोल दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही, १.४१ पट होतं.

लिनियात रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल रेलमधून टाकीत परत नेणारी नळी) नाही. प्रेशर रेग्युलेटर टाकीतल्या पंपाच्या असेंब्लीतच असतो आणि रेलला साधारण ३.५ बार देतो. गेज लावून स्वतः मोजा, गाडीच्या वयानुसार फरक पडतो. या रेग्युलेटरला बूस्टची खबर नसते. मॅनिफोल्डमध्ये १.३ बार बूस्ट आला की रेलमध्ये ३.५ च राहतात, आणि इंजेक्टरच्या वाट्याला येतो २.२ बारचा फरक. २.२ भागिले ३.५, त्याचं वर्गमूळ ०.७९. इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त हवं असतं त्याच क्षणी इंजेक्टर २१ टक्के लहान होऊन बसतो.

इथून दोन वाटा निघतात.

पहिली वाट, रिटर्न लाइन टाकून बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर बसवायचा. बूस्ट एक बार वाढला की रेलचं प्रेशरही एक बार वाढतं, फरक कायम ३.५ राहतो. तेव्हा ३ बारला ४४० सीसीचा इंजेक्टर इथे ४७५ देतो. ३२७ भागिले ४७५, ड्यूटी ६९ टक्के. छान. पण रेलमध्ये ३.५ अधिक १.३ म्हणजे ४.८ बार झाले आणि पंपाला ते पेलावे लागणार.

दुसरी वाट, कंपनीची बिनरिटर्न व्यवस्था ठेवून इंजेक्टर मोठा घ्यायचा. ३ बारला ५५० सीसीचा इंजेक्टर २.२ बारला ४७१ देतो. ड्यूटी पुन्हा ६९ टक्के. पंपाला फक्त ३.५ बारशी झगडायचं. नवी लाइन नाही, टाकीला भोक नाही, गळतीची चार ठिकाणं कमी.

मग फरक कुठे? आयडलला. हे इंजिन रिकामं चालताना तासाला सुमारे पाऊण लिटर पितं. ८५० आरपीएमला एका फवाऱ्याला जेमतेम ०.००७ सीसी. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे बिनरिटर्न व्यवस्थेत फरक उलट वाढून ४.१ बारपर्यंत जातो. ५५० चा इंजेक्टर तिथे ६४० सारखा वागतो आणि त्याला ०.६५ मिलिसेकंदात काम उरकावं लागतं. रिटर्नवाल्या ४४० ला तेच काम करायला जवळपास ०.९ मिलिसेकंद मिळतात. ०.६५ ला चांगला आधुनिक इंजेक्टर सांभाळून घेतो. हौसेनं १००० सीसीचे टाकलेत तर हा आकडा ०.४ च्या खाली जातो, आणि तिथे इंजेक्टर दर वेळी सारखं पेट्रोल सोडेल याची खात्री नाही. सिग्नलला थरथरणारी, पेट्रोलचा वास मारणारी "स्टेज थ्री" गाडी ऐकली असेल. बऱ्याचदा तिचा आजार हाच असतो.

माझं मत विचाराल तर या गाडीला २०० पर्यंत दुसरी वाट घ्या. २४० च्या वर स्वप्नं असतील तर रिटर्न लाइनचा खर्च आत्ताच करा, दोनदा गाडी खोलू नका.

इंजेक्टर निवडताना आणखी काही गोष्टी हातात धरून बघायच्या. रोध १२ ते १६ ओहम हवा. २ ते ४ ओहमचे जुन्या जातीचे इंजेक्टर कंपनीच्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) थेट जोडले तर ईसीयूतला ड्रायव्हर जळतो. मल्टिमीटर लावायला दहा सेकंद लागतात, तेवढे काढा. लांबी म्हणजे वरच्या ओ-रिंगपासून खालच्या ओ-रिंगपर्यंतची. ती जुळली नाही तर रेल वाकडी बसते. कनेक्टर वेगळा असेल तर अ‍ॅडॉप्टर मिळतो, वायर कापू नका. चौघांचा फ्लो बेंचवर मोजलेला कागद मागा आणि दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळणारा सेट घ्या. एक इंजेक्टर सहा टक्के कमी सोडत असेल तर एक्झॉस्टमधल्या सेन्सरला चौघांची सरासरी दिसते. स्क्रीनवर ०.८१ लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त), आणि एक सिलिंडर एकटाच ०.८५ वर भाजत असतो.

शिवाय डेड टाइमचा तक्ता हवाच. विद्युत हुकूम मिळाल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला लागणारा हा वेळ १४ व्होल्टला मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. विक्रेता हा तक्ता देत नसेल तर कितीही स्वस्त असला तरी तो माल घेऊ नका. ट्यूनर अंदाजानं आकडे भरतो आणि मग हेडलाइट लावले की आयडल बदलतं.

पंप

लागणारं पेट्रोल ७८.४ लिटर. त्यावर २५ टक्के मार्जिन: पंप जुना होतो, फिल्टर तुंबतो, उन्हाळ्यात टाकी तापते. झाले ९८ लिटर. म्हणजे पंप असा हवा जो ३.५ बारला (रिटर्न केली असेल तर ४.८ बारला), गाडीत खरोखर मिळणाऱ्या व्होल्टेजवर, तासाला ९८ लिटर देईल.

"२५५ लिटरचा टाकला, विषय संपला" असं म्हणणारे भेटतील. २०० बीएचपीला तो पुरून उरतो हे खरं. पण प्रेशर वाढत जातं तसा प्रत्येक पंपाचा फ्लो उतरत जातो, आणि किती उतरतो ते पंपाच्या आलेखातच कळतं. आलेख नसलेला पंप घेऊ नये. मोठ्या पंपाची उलटी बाजूही आहे. आयडलला इंजिन पाऊण लिटर घेतं, बाकीचं सगळं रेग्युलेटरला परत पाठवावं लागतं. रेग्युलेटर किंवा रिटर्नची नळी लहान पडली की प्रेशर आपोआप चढतं, ३.५ चं ३.९ होतं, आणि ट्यूनर आयडलच्या नकाशात (ईसीयूतल्या आकड्यांच्या तक्त्यात) दिवस घालवतो. गरजेच्या दुपटीपर्यंतचा पंप ठीक. पाचपट नको.

वायर

आता माझी फजिती सांगतो.

माझी गाडी डायनोवर होती. ५००० पर्यंत लॅम्डा ०.८० वर रेघ मारल्यासारखा. ५४०० ला ०.८४, ५८०० ला ०.९२, आणि ट्यूनरनं पाय काढला. पंप नवा, इंजेक्टर नवे, गणित कागदावर बरोबर. इंजेक्टर काढून पुन्हा बेंचवर नेले, फिल्टर बदलला, दोन शनिवार गेले. शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं मागची सीट उचलली, पंपाचं झाकण उघडलं, आणि काही न बोलता कनेक्टर माझ्या हातात दिला. पांढरं प्लॅस्टिक एका पिनभोवती चहासारखं तपकिरी झालं होतं. इंजिन चालू ठेवून त्याच पिनांवर मल्टिमीटर लावला: १०.९ व्होल्ट. बॅटरीवर १४.१ होते. सव्वातीन व्होल्ट वाटेत कुठेतरी गरम होऊन जात होते.

हिशेब साधा आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून टाकीपर्यंत पाच मीटर जायला, पाच परत यायला, म्हणजे ०.१७५ ओहम. मूळ पंप चार अँपिअर घेत होता तेव्हा ०.७ व्होल्ट पडायचे, कुणाला कळलंही नसतं. नवा पंप आठ अँपिअर ओढतो, पडले १.४. उरलेले पावणेदोन व्होल्ट जुना रिले, फ्यूजचा डबा आणि त्या तपकिरी पिनेनं खाल्ले.

उपाय असा: बॅटरीच्या प्लसवरून थेट ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीत-दीड वीत अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, टाकीजवळ ३० अँपिअरचा रिले. कंपनीची जुनी वायर फक्त रिलेच्या कॉइलला हुकूम द्यायला वापरायची, म्हणजे अपघातात पंप बंद करायची ईसीयूची व्यवस्था तशीच राहते. पंप थेट चावीला जोडून ती व्यवस्था मारू नका. अर्थिंगही तेवढ्याच जाडीचं, रंग खरवडून बॉडीच्या बोल्टला. थिंबल नीट पंच करून घ्या, नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी चालणार नाही. ४ चौरस मिलिमीटरला आठ अँपिअरवर पडतात फक्त ०.३५ व्होल्ट. पंपाच्या पिनांवर इंजिन चालू असताना १३ च्या वर दिसलं पाहिजे.

ही वायर घालायला एक दुपार लागते. डायनो बुक करण्याआधी ती दुपार काढा.

नळ्या, फिल्टर, टाकी

२०० बीएचपीला कंपनीची ८ मिमीची लाइन पुरते, बदलायची गरज नाही. रबरी तुकडा टाकावा लागलाच तर इंजेक्शनसाठीचा, एसएई जे३०आर९ छापलेला घ्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची नळी या प्रेशरला फुगते. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडणाऱ्या तुकड्याला आर९ सुद्धा चालत नाही. त्याला जे३०आर१० लागतो, कारण त्याची बाहेरची बाजूही इंधन सोसते. साधी नळी महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडून पंपावरून निसटते. क्लॅम्प गोल आवळणारे, गुळगुळीत कडांचे. दातेरी पट्टीचे क्लॅम्प रबर कापतात.

पंपाआधी जाळी जाडसर, साधारण १०० मायक्रॉनची. पंपानंतर फिल्टर १० मायक्रॉनचा. उलटं केलंत तर पंपाला ओढताना दम लागतो, पेट्रोलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप किंचाळायला लागतो. दहा वर्षं जुन्या गाडीत पंप काढलाच आहे तर टाकीचा तळ टॉर्च लावून बघा आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर फिल्टर बदला.

ताम्हिणी किंवा वरंध घाटात टाकी पावच्या खाली असताना लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. मूळ असेंब्लीतली प्लॅस्टिकची वाटी याचसाठी असते. नवा पंप बसवताना ती कापून फेकणारे मिस्त्री आहेत. समोर उभं राहा.

बसवल्यावर तपासणी

काम सुरू करताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, रेलचं प्रेशर उतरेल. मग बॅटरीची मायनस काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते, म्हणून खड्ड्यावर हे काम नको. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, कोरडी रिंग बसवताना चिरते.

रिटर्नवाल्यांसाठी एक स्वस्त चाचणी. इंजिन बंद, पंप चालू (बॅटरीला चार्जर लावलेला, नाहीतर व्होल्टेज खोटं), रिटर्नचं टोक मापाच्या कॅनमध्ये. रेग्युलेटरच्या बूस्टच्या निपलला गेजवाला सायकलचा हातपंप जोडा आणि १.३ बार भरा. रेलचं गेज ४.८ ला यायला हवं. नाही आलं तर रेग्युलेटर किंवा पंप, दोघांपैकी एक कमी पडतोय. आता ३० सेकंद मोजा. ९८ लिटरच्या हिशेबानं कॅनमध्ये ८२० मिली तरी हवेत. हे उघड्यावर, सिगारेटवाल्या मित्रांना घरी पाठवून करायचं.

बिनरिटर्नवाल्यांनी रेलवर प्रेशर सेन्सर बसवून रेकॉर्डिंग घ्यायचं. पूर्ण लोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ३.५ ची रेघ सपाट राहिली पाहिजे. ०.२ बारपर्यंतची घसरण चालेल. ०.५ घसरलं तर ट्यूनिंग तिथेच थांबवा. ईसीयूत सोय असेल तर प्रेशर पडताच बूस्ट कापायची अट घाला. पिस्टनपेक्षा सेन्सर स्वस्त.

डायनोवर एकदम पूर्ण बूस्ट नको. ०.८ बारला एक धाव, ड्यूटी आणि लॅम्डा बघा, मग ०.१-०.१ नं वर. ड्यूटी गणितापेक्षा पाच-सात टक्के जास्त दिसली तर नकाशा बदलण्याआधी रेल प्रेशर आणि पंपाचं व्होल्टेज पुन्हा मोजा. गणित सहसा चुकलेलं नसतं, पेट्रोल वाटेत कुठेतरी अडलेलं असतं.

कायद्याचंही एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं घालतं आणि विमा कंपनीलाही नकाराला निमित्त मिळतं, तेव्हा ही गाडी ट्रॅकसाठी की रोजच्या ऑफिससाठी, ते आधी ठरवा.

पहिल्या रात्री गाडी बंद शटरच्या गॅरेजमध्ये ठेवा. सकाळी शटर उचलल्यावर, दिवा न लावता आधी वास घ्या. पेट्रोलचा जरासाही वास आला तर चावीला हात लावू नका. दार उघडं ठेवून हवा खेळू द्या, मग टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगपासून शोधायला लागा.